सहासष्टाव्या मीटरवर सह्याद्री

“सुंदर आहे गं,” मी म्हटलं.

“ते तुझ्या आवाजावरून कळलं,” आत्या म्हणाली. “आहे काय ते सांग.”

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, यावापाई पॉइंटला आम्ही दोघी उभ्या होतो. ऑक्टोबरातली सकाळ, अंगात स्वेटर, आजूबाजूला पन्नासेक माणसं आणि सगळ्यांचे फोन दरीकडे रोखलेले. लाल थर, पिवळे थर, खूप खोल, खूप मोठं... माझी चार-पाच विशेषणं संपली आणि मी गप्प झाले. आत्या पांढरी काठी दोन्ही हातांत उभी धरून, मान जराशी कलती करून थांबली होती. तीस वर्षं तिनं अंधशाळेत ब्रेल शिकवली. मुलगा ओळीत अडला की पुढचा शब्द न सांगता ती अशीच थांबायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

आत्याची दृष्टी नवव्या वर्षी गेली, गोवराच्या तापात. त्याआधीची मालवणजवळची नऊ वर्षं तिच्याकडे रंगांसकट शिल्लक आहेत. जांभ्याचा तांबडा, पावसाळ्याआधीच्या समुद्राचा करडा, आजीच्या लुगड्याचा हिरवा. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, फिनिक्सला असतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. आत्याची ही तिथली पहिलीच खेप आणि सोबतीला मी. दादानं ग्रँड कॅन्यनचा बेत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तेव्हा ‘एवढी दगदग कशाला’, ‘थंडी बाधेल हो तिला’ अशी काळजी सुरू झाली. ‘तिला तिथे काय दिसणार’ हे कुणीच लिहिलं नाही, पण ते प्रत्येक मेसेजच्या पोटात होतं. आत्यानं सगळे मेसेज फोनकडून वाचून घेतले आणि म्हणाली, “गाव सोडून मुंबईला शाळेत निघाले तेव्हाही हेच म्हणाले होते सगळे. तेव्हा फक्त फोन नव्हते.”

फिनिक्सहून उत्तरेला साडेतीन-चार तासांचा रस्ता. वाळवंटातले निवडुंग मागे पडतात, घाट चढू लागतो, कान दडतात आणि फ्लॅगस्टाफ येईपर्यंत पाइनचं जंगल सुरू होतं. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचावर आहे. दोन जिने चढले तरी धाप लागते, हे आधी माहीत असलेलं बरं.

तर, आहे काय ते सांगायचं होतं. मला कळसूबाई आठवली. चाळिशीत असताना आत्या शाळेतल्या मुलांबरोबर ती चढून आली होती. लोखंडी शिड्यांच्या पायऱ्या तिनं मोजल्या होत्या आणि पुढे कितीतरी दिवस तो आकडा भेटेल त्याला सांगायची. मी म्हटलं, “समज, मालवणच्या किनाऱ्यावर अगदी पाण्याला लावून कळसूबाई आणून ठेवली. ती जेवढी वर जाईल, साधारण तेवढ्या उंचीवर आपण उभ्या आहोत आणि खाली पाण्याच्या जागी कोलोरॅडो नदी आहे. समोरचा काठ आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. म्हणजे तू चर्चगेटला उभी आहेस आणि समोरची भिंत पार वांद्र्याला.”

“आणि मधे?”

“मधे डोंगर आहेत. पण त्यांचे माथे आपल्या पायांच्या खाली.”

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग काठी काखेत धरून तिनं जोरात एक टाळी वाजवली. शेजारचे दोन-तीन जण वळून बघू लागले. टाळी गेली ती गेलीच, परत आली नाही. “भिंत नाहीच गं समोर,” ती म्हणाली. खोलीत शिरल्यावर ती कधी कधी जिभेनं असाच ‘टक्’ आवाज काढते आणि कपाट कुठे, दार उघडं की बंद, हे ओळखते. इथे आवाजाला थडकायला काही नव्हतं. खालून वर येणारा वारा तेवढा तोंडावर लागत होता. दिवसा दरीतले कडे तापतात आणि हवा कड्याला धरून वर चढते. एक डोमकावळा आमच्या खालून उडत गेला. त्याच्या पंखांचा सपसप आवाज पायांच्या खालच्या बाजूनं आला तेव्हा आत्यानं माझं कोपर घट्ट धरलं. पक्षी आपल्या पायांखालून उडतो आहे, यावरून तिला जी खोली कळली ती माझ्या कळसूबाईनं कळली नव्हती.

पाहिलेलं सांगणं हे कसब आहे आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी ते रीतसर शिकवलं जातं, हे मला नंतर कळलं. उद्यानाच्या नाक्यावर प्रत्येक गाडीत एक घडीचं पत्रक देतात. त्यात नकाशा, फोटो, थरांचं चित्र असतं. अंध माणसाच्या हातात तो नुसता गुळगुळीत कागद. मजकूर फोन वाचून दाखवील, पण नकाशा आणि फोटो कोण वाचणार? या प्रश्नावर २०१४ मध्ये हवाई विद्यापीठात युनिडिस्क्रिप्शन नावाचा प्रकल्प सुरू झाला. उद्यानांचे कर्मचारी आणि अंध मंडळी मिळून या पत्रकांची बोलकी वर्णनं तयार करतात. त्यासाठी काही दिवसांच्या चुरशीच्या कार्यशाळा भरतात, त्यांना ‘डिस्क्रिप्टॅथॉन’ म्हणतात. अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड ही अंध लोकांची संस्था त्यात सामील आहे. वर्णन जमलं की नाही, हे तिथे लिहिणारा ठरवत नाही, ऐकणारा सांगतो. राष्ट्रीय उद्यान सेवेचं ॲप २०२१ मध्ये आलं, त्यातही अशी ध्वनिवर्णनं ऐकता येतात. या कामातली पहिली शिकवण जवळपास आत्याच्याच शब्दांत आहे: सुंदर, भव्य, अप्रतिम हे ऐकणाऱ्याचं त्याला ठरवू दे, तू आकार, अंतर, रंग आणि जागा सांग.

पैशांचंही इथेच सांगून टाकते. कायमचं अपंगत्व असलेल्या व्यक्तीला सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत फुकट प्रवेश देणारा ‘ॲक्सेस पास’ आयुष्यभरासाठी मिळतो, पण तो अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. आत्यासारख्या पाहुण्यांना तो नाही. मार्गदर्शक कुत्र्याला प्रवेश आहे. काठावरून फिरणाऱ्या बस फुकट आहेत आणि प्रत्येक थांब्याचं नाव पुकारतात. आत्याला ती सोय सगळ्यांत आवडली. “आपल्याकडे शेजारच्या बाईला विचारावं लागतं, आणि ती नेमकी झोपलेली असते.”

यावापाईला भूशास्त्राचं एक छोटं संग्रहालय आहे, १९२८ मधलं. स्वच्छतागृहाकडे मी तिला घेऊन निघाले तर तिनं माझा हात सोडला, दाराची मूठ चाचपली आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर तळवा वर सरकवला. तिथे पाटी होती. उठावाची अक्षरं आणि त्यांच्याखाली ब्रेल. “बायकांचंच आहे,” असं म्हणून ती आत गेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं कळलं तुला पाटी तिथे आहे म्हणून? तर म्हणाली, फिनिक्सच्या दवाखान्यात तिथेच होती, मॉलमध्ये तिथेच होती, विमानतळावरही तिथेच. तिकडच्या नियमात अशा पाट्यांची जागा ठरलेली आहे: मुठीच्या बाजूची भिंत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरच्या दरम्यान. “पाटी शोधायलाच डोळे लागत असतील,” आत्या म्हणाली, “तर ती ब्रेल कुणासाठी?”

या वाक्यामागे एक बाग होती. आमच्याकडच्या एका शहरातली, नाव घेत नाही. दृष्टिहीनांसाठी सुगंधी उद्यान म्हणून तिचा मोठा समारंभ झाला होता आणि आत्याच्या शाळेला खास बोलावणं होतं. निशिगंध, मोगरा, गवती चहा, ओवा. प्रत्येक वाफ्याला ब्रेलची पाटी, पण ती वाफ्याच्या पलीकडच्या बाजूला, मेंदीच्या कुंपणामागे. मुलांनी वाकून हात लांबवले तेव्हा दोघांच्या कोपरांना काटे लागले. एक पाटी उलटी ठोकली होती. मुलं ती वाचत खो खो हसली आणि पाहुण्यांना वाटलं, मुलं किती आनंदात आहेत! दोन उन्हाळ्यांनी आत्या पुन्हा गेली तेव्हा पाट्या होत्या, झाडं नव्हती.

तिकडेही असं होतं, हे सांगितल्यावर तिला बरं वाटलं. वॉशिंग्टनमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं स्मारक १९९७ मध्ये खुलं झालं. स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरलेला राष्ट्राध्यक्ष, म्हणून स्मारकात ब्रेल कोरली. पण ठिपके एवढे मोठे की बोटाखाली अक्षर मावेना. ब्रेलचं अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचं घर, दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटरचं अंतर. सगळं घर बोटाच्या एका पेरात बसलं तरच वाचता येतं. तिथली काही अक्षरं तर हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर होती. “म्हणजे ती बघायची ब्रेल,” आत्या म्हणाली.

वेगळ्या वाटांचाही तिकडे मोठा इतिहास आहे. कोलोरॅडो राज्यात अस्पेन गावाजवळच्या जंगलात १९६७ मध्ये अंध लोकांसाठी एक पायवाट आखली गेली. वाटेच्या कडेनं दोर बांधलेला, दोराला धरून चालायचं, ठरावीक अंतरावर ब्रेलची पाटी लागली की थांबायचं आणि शेजारच्या झाडाची साल, शेवाळ, दगड हातानं पाहायचा. कल्पना गोड होती आणि देशोदेशी उचलली गेली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानातही दोराची अशी वाट आहे. पण पुढे टीका सुरू झाली आणि ती अंध लोकांच्या संघटनांमधूनच. एवढ्या मोठ्या रानातली पाव मैलाची दोरी आमची आणि बाकीचं रान तुमचं, हे कसलं वाटप? मला दोन्ही बाजू पटतात. दोर धरून एकटीनं चालता येतं, यातलं ‘एकटीनं’ फार मोठं आहे. पण आत्याचं मत पक्कं आहे. तिला दोराच्या टोकाला नाही, लोकांच्यात जायचं असतं.

म्हणूनच यावापाईहून सुरू होणारी वाट तिला भेटली ते मला महत्त्वाचं वाटतं. ‘ट्रेल ऑफ टाइम’ असं तिचं नाव. काळाची वाट. काठाकाठानं जाणारा हा फरसबंद रस्ता, सगळ्यांसाठीच. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी उद्यानाबरोबर बरीच वर्षं खपून तो सजवला आणि २०१० मध्ये तो खुला झाला. हिशेब साधा आहे: एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर मीटरला रस्त्यात कांस्याची खूण बसवलेली, दर दहा मीटरला आकडा. यावापाईपाशी ‘आज’ आहे आणि काठावरच्या गावाच्या दिशेनं चालत गेलं की आपण मागे मागे जातो. सगळी वाट ४.५६ किलोमीटरची, कारण पृथ्वीचं वय ४५६ कोटी वर्षं. आणि दरीत जे जे खडक सापडतात त्यांचे मोठाले धोंडे नदीच्या तळाकडून, कड्यांतून वर आणून ज्याच्या त्याच्या वयाच्या जागी वाटेच्या कडेला मांडले आहेत. काहींची एक बाजू घासून आरशासारखी केली आहे. हात लावा, असंच सांगणं आहे.

दादा पुढे, मी दरीच्या बाजूला, आत्या आतल्या बाजूला. ती माझं कोपर धरत नाही, कोपराच्या वरचा दंड धरते आणि अर्धं पाऊल मागे चालते. त्यामुळे मी वळले, थांबले, पायरी उतरले की तिला माझ्या अंगावरून कळतं. (तिचा हात धरून तिला ओढत नेणारी प्रेमळ माणसं हा तिचा आवडता तक्रारीचा विषय आहे.) काठावर सगळीकडे कठडा नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिनं विचारलं, तुला भीती वाटते का? वाटत होती. तिला नव्हती, तिची काठी रस्त्याची कड दर पावलाला तपासत होती.

काठीचं टोक कांस्यावर पडलं की आवाज बदलायचा. त्यावर तिनं मोजणी सुरू केली. पहिल्या सहा मीटरांत मी म्हटलं, “ही एवढी दरी, ती या सहा मीटरांतच कोरली गेलीय. नदीचं काम पन्नास-साठ लाख वर्षांचं.” आधुनिक माणूस तीन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे पहिल्या तीस सेंटिमीटरांत. लुई ब्रेलनं आपली लिपी १८२४ च्या सुमाराला जुळवली, त्याला दोनशे वर्षं झाली. दादा इंजिनिअर, त्यानं उभ्या उभ्या हिशेब केला: शून्य दशांश दोन मिलिमीटर. ब्रेलच्या एका ठिपक्याची उंची याच्या दुपटीहून जास्त असते. आत्याला हे इतकं आवडलं की तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

सहासष्टाव्या मीटरवर मी तिला थांबवलं. तिथे धोंडा नव्हता, कारण या वयाचा खडक या दरीत नाही. “इथे आपलं घर आहे,” मी म्हटलं. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले. त्यातून आपला काळा कातळ झाला आणि सह्याद्री त्याचाच कोरलेला. रायगड, सिंहगड, कळसूबाई, वेरूळचं कैलास, अजिंठा, कान्हेरी, सगळं त्यातलंच. त्या लाव्ह्याचा बहुतेक भाग सुमारे दहा लाख वर्षांत बाहेर पडला म्हणतात. म्हणजे या वाटेवरचा एक मीटर. आत्यानं काठीनं अलीकडची खूण शोधली, पलीकडची शोधली आणि दोन्ही पाय त्यांच्या मधे ठेवले. “एवढ्यात?” ती म्हणाली. मागून येणाऱ्या एका कुटुंबाला वाट देण्यासाठी मला तिला हलवावं लागलं, नाहीतर ती तिथे आणखी थांबली असती.

त्यापुढे दोनशे मीटर काहीच नाही. नुसतं चालणं. आपण उभे आहोत तो काठाचा दगड, कैबाब चुनखडक, २७ कोटी वर्षांचा. तो लागला आणि मग धोंडे एकामागून एक येऊ लागले. आत्या प्रत्येकाशी थांबली. कोकोनिनो वालुकाश्मावर तिचा तळवा खरखरला. तो वाळवंटातल्या टेकड्यांचा दगड झालेला आहे. गंमत म्हणजे दादा आणि मी पाट्या वाचत होतो आणि दगड जेमतेम बघत होतो. तिला पाट्या नव्हत्या, म्हणून दगड होते. एका लाल धोंड्यावर बोटं फिरवून ती म्हणाली, “हा लाल असणार.” लालच होता. कसं ओळखलंस? तर म्हणाली, “उन्हात जास्त तापलाय आणि जांभ्यासारखा कचकचतो. अंदाज. चुकले असते तर तुला सांगितलं नसतं.”

साधारण सव्वापाचशे मीटरनंतर पुन्हा मोकळी जागा लागते आणि तिथे वाट सगळ्यांत चांगली बोलते, असं मला वाटलं. त्या काळाचे थर झिजून गेले. दरीच्या बऱ्याच भागात तर बावन्न-त्रेपन्न कोटी वर्षांचा वालुकाश्म थेट पावणेदोनशे कोटींच्या खडकावर बसला आहे. मधली एकशेवीस कोटी वर्षं नाहीतच. कड्याकडे बघताना ती नुसती एक रेघ दिसते. इथे चालावं लागतं. ते ‘एकशेवीस कोटी’ डोळ्यांनी वाचून सोडून देता येत नाही, पाय दुखतात. एकशे दहा कोटींच्या आसपास पुन्हा एक बेसाल्ट आहे, कार्डेनास नावाचा. तो आपल्या कातळाचा जातभाई, पण त्याच्याहून सोळा पटींनी जुना. आत्यानं त्यावर टकटक केलं. “ओळख नाही दाखवत,” म्हणाली.

पुढे दरीच्या तळाचे दगड आले आणि मला नावं वाचून दाखवताना हसू आवरेना. विष्णू शिस्ट. ब्रह्मा शिस्ट. राम शिस्ट. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञानं दरीतल्या शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली, विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी; तीच चाल पुढे खडकांनाही लागली. हे तिघं सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचे, सगळे एकमेकांच्या अंगणात. खडक कधीकाळी प्रचंड दाबाखाली भाजून निघालेला, त्यामुळे हाताला पदर लागतात, चपटे, चकचकीत, अळुवडीच्या उंड्यासारखे गुंडाळलेले. आत्या नास्तिक आहे. तरी रामाच्या दगडावर हात ठेवून तिनं दुसऱ्या हातानं पदर नीट केला.

अठराशे चाळिसाव्या मीटरला दरीतला सर्वांत जुना खडक आहे. त्यानंतर दगड संपतात, वाट मात्र ४,५६० पर्यंत चालू राहते.

आम्ही गावाच्या बाजूनं पुढे गेलो, कारण सकाळी संग्रहालयातल्या रेंजर बाईंनी सांगितलं होतं की ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी गेलात तर काठावरच जीवाश्म आहेत. त्या वाटेचं तोंड आत्यानं आमच्याआधी ओळखलं, खेचरांचा वास. खेचरं माणसं आणि सामान घेऊन इथून नदीपर्यंत उतरतात. ती आली की चालणाऱ्यांनी दरीपासून लांबच्या बाजूला सरकून उभं राहायचं, हा नियम. त्याच नदीतून लॉनी बेडवेल हा अंध माणूस २०१३ मध्ये कयाक वल्हवत ३६० किलोमीटरहून जास्त गेला, पुढे चाललेल्या वाटाड्याच्या हाका ऐकत. पुढच्या वर्षी एरिक वाइहेनमायर गेला, २००१ मध्ये एव्हरेस्ट चढलेला अंध गिर्यारोहक. दादानं हे सांगितलं. आत्यानं खेचरांच्या घंटा मोजत ऐकून घेतलं आणि “त्यांचं त्यांना लखलाभ” म्हणाली.

जीवाश्मांच्या जागी दुसरे एक रेंजर होते, आठ-दहा लोकांना घेऊन. खडक रस्त्यालगत उघडा पडलेला, गुडघ्याएवढा. रेंजरनी आधी आत्याला विचारलं, मी तुमचा हात धरून दाखवू की तुम्ही स्वतः शोधाल? मी इतक्या वर्षांत डॉक्टर, दुकानदार, बँकवाले पाहिले, बहुतेक जण प्रश्न मला विचारतात, “त्यांना काय हवंय?” इथे प्रश्न तिला विचारला गेला. ती म्हणाली, शोधते.

ती खाली बसली. दोन्ही हातांची बोटं खडकावर पसरली आणि वाचायला लागली, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ब्रेलच्या पानासारखी. उरलेले लोक थांबले. आधी तिला गारगोटीच्या गाठी लागल्या. पुष्कळदा त्या गाठींत प्राचीन स्पंज असतात. मग बारीक चकत्या, फुटलेल्या माळेतल्या मण्यांसारख्या. त्या समुद्रकमळांच्या देठांच्या. मग तिचं बोट एका जागी थांबलं, पुढे गेलं, परत आलं.

“अगो,” ती म्हणाली, “तिसऱ्या!”

मी रेंजरना सांगितलं की आत्या समुद्राकाठची आहे आणि तिच्या मते हा एक शिंपला आहे, आमच्याकडे खातात तो. ते काही बोलणार इतक्यात आत्याच म्हणाली, “नाही, थांब. तिसऱ्यांवर रेघा आडव्या असतात, काठाला धरून. याच्या उभ्या आहेत, पंख्यासारख्या. आणि एक बाजू जास्त फुगीर. हे दुसरंच काहीतरी.”

रेंजर खाली तिच्या शेजारी बसले. हा ब्रॅकिओपॉड, त्यांनी सांगितलं. शिंपल्यासारखा दिसतो, पण शिंपल्यांच्या कुळातला नाही. त्याच्या दोन झडपा सारख्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता. आता इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि दोन हजार मीटर खाली आहे. इतकी वर्षं मी इथे लोकांना हे दाखवतो, ते म्हणाले, बहुतेक लोक फोटो काढतात. मग गटातल्या एका मुलीनं आत्याच्या हाताशेजारी हात ठेवला, तिच्या बापानं ठेवला, आणि बघता बघता सगळेच खाली बसून बोटांनी फुगीर बाजू कुठली ते शोधू लागले. मलाही ती सापडली, पण पुष्कळ वेळानं आणि आत्यानं माझं बोट धरून तिथे नेल्यावर.

इथून खडा उचलून नेणं गुन्हा आहे. आत्याच्या हातात एक सुटा तुकडा आला होता तो तिनं होता तिथेच, त्याच बाजूनं ठेवला.

परतताना व्हिजिटर सेंटरच्या वाहनतळापाशी पाँडेरोसा पाइनची मोठी झाडं होती. जुन्या झाडांची साल कोड्याच्या तुकड्यांसारखी सुटते आणि उन्हं पडलेली असताना भेगेला नाक लावलं की व्हॅनिलाचा वास येतो, असं दादानं कुठेसं वाचलं होतं. आम्ही तिघंही झाडाला नाक लावून उभे राहिलो. दादाला व्हॅनिला आला. मला काहीच आलं नाही. आत्या म्हणाली, उसाचा रस काहिलीत आटताना येतो तसला, पण तो करपायच्या जरा आधीचा.

गाडीत बसल्यावर तिनं मालवणला फोन लावला. तिथे सकाळ झाली होती आणि धाकटी काकू बाजाराला निघाली होती. स्पीकरवर तिचा आवाज आला, काय गो, कसं होतं? बघितलंस का सगळं?

“बघितलं,” आत्या म्हणाली. “तिसऱ्यांसारखं काहीतरी मिळालं डोंगरावर. दगडातलं.”

पलीकडे थोडी खरखर झाली, स्कूटर गेल्याचा आवाज आला.

“तिसऱ्या?” काकू म्हणाली. “कशा दिल्या?”